भिवरेचं मडकं, हैबतीचा दोर

कोणे एके काळी एका काळ्या कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. नेमकं कधी ते विचारू नका, ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. गावाला जमीन थोडी आणि दगड फार. पण कड्याच्या पोटात, जिथं घारसुद्धा बेतानंच बसते, तिथं आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लोंबायची. गाव त्या मधावर जगायचं, आणि अधूनमधून त्या मधापायी एखादा गडी गमावायचं.

मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचा. वर दोर कोणी धरायचा, याचा रिवाज ठरलेला होता. भावानं धरायचा नाही, मित्रानं तर नाहीच नाही. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. भावाभावांत वाटणीवरून हात सैल पडू शकतो, मित्राचं मन फिरू शकतं; पण आपल्या बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत आहे तो मूठ सोडत नाही. जुनी माणसं दिसतात तितकी भोळी नसतात. आणखी एक रिवाज होता. कड्यावर मोठ्यानं बोलायचं नाही. आग्या माशी आवाजावर उठते, आणि उठली की आपला-परका बघत नाही.

त्या गावात हैबती नावाचा गडी होता. कड्यावर उतरावं तर त्यानंच. चैत्राच्या पुनवेला देवीसमोर नव्या मधाची वाटी ठेवायचा मान त्याच्या घराण्याचा होता. त्याची बायको भिवरा, आणि दोर धरणारा मेहुणा म्हणजे भिवरेचा धाकटा भाऊ रायाजी. तिघांचं बरं चाललं होतं.

गेल्या साली मात्र घात होता होता टळला. हैबती कड्याला लटकलेला असताना वरून एक दगड सुटला आणि त्याच्या डाव्या हातावर बसला. हात मोडला नाही, सूजही उतरली, पण दोन बोटांची पकड गेली ती गेलीच. हैबतीनं हे कोणाला सांगितलं नाही. भिवरेनं मात्र ओळखलं. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेताना त्याचा डावा हात हंड्याला नुसता लागायचा, धरायचा नाही. बायकोपासून लपेल असं दुखणं अजून निपजायचं आहे.

तेव्हापासून भिवरेला एकच दिसायचं. चैत्र येणार, हा कड्यावर उतरणार, आणि तो हात ऐन वेळी दगा देणार.

पौषात एक दिवस तिनं विषय काढलाच. रायाजीही ओट्यावर बसला होता.

"यंदा कड्यावर जाऊ नका," ती म्हणाली.

"मग देवीची वाटी काय तू भरणार?"

"भरीन की. डोंगरापल्याड बैजाआत्या मडक्यात सातेरी माशी पाळते. मीबी पाळीन."

हैबती असा खदखदून हसला की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. "माशी म्हंजे काय कोंबडी हाय व्हय, खुराड्यात डांबायला?"

पण भिवरा हसली नाही. तिची नजर त्याच्या डाव्या हातावर होती. हैबतीनं हात मांडीखाली सरकवला आणि त्याचं हसू आटलं.

"बरं," तो म्हणाला. "चैताच्या पुनवेपतूर तुझ्या मडक्यातून वाटी भरली, तर मी यंदा दोराला हात लावायचा न्हाई. न्हाई भरली, तर तू मला अडवायचं न्हाई."

"सबूद?"

"सबूद. हा रायाजी साक्षीला."

सातेरी माशी म्हणजे आग्याची गरीब चुलत बहीण. अंगानं लहान, स्वभावानं मवाळ, झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या कपारीत संसार मांडणारी. आग्याच्या एका पोळ्यात जेवढा मध, तेवढा हिच्या ढोलीत दोन सालांत मिळायचा नाही. पण देवीची वाटी ती केवढी! भिवरेनं पदर खोचला आणि डोंगर ओलांडून बैजाआत्याचं घर गाठलं.

बैजाआत्या ही हैबतीची आत्या. तोंडात दात कमी आणि बोलणं जास्त. तिच्या घराच्या मागच्या भिंतीत मडकी आडवी बसवलेली होती आणि प्रत्येकाच्या तोंडाशी माश्यांची ये-जा चालली होती. तिनं भिवरेला एक जुनं मडकं दिलं, आतून मेण चोळून घेतलं, तोंडावरच्या झाकणाला बोटभर भोक ठेवलं आणि तिला रानात एका जांभळापाशी नेलं. जांभळाच्या ढोलीत सातेरीचं मोहोळ होतं.

"हात घाल," आत्या म्हणाली.

"मी?"

"न्हाई तर काय मी? माशी कुनाला पाळायचीय?"

आत्यानं शेणकुटाचा थोडा धूर दाखवला. भिवरेनं डोळे मिटून हात घातला. आत ऊब होती आणि गुणगुण होती. पहिला डंख मनगटावर बसला, दुसरा कोपरापाशी. तिनं ओठ चावला पण हात मागे घेतला नाही. एकेक पोळी अलगद सोडवून आत्याच्या हाती दिली, आत्यानं ती केळीच्या सोपटाच्या दोरीनं मडक्याच्या आत टांगली. शेवटी माश्यांचा एक घोस उरला. त्यात एक माशी लांबट होती.

"ती राणी," आत्या कुजबुजली. "तिला ओंजळीत घे. दाबू नको. ती गेली की बाकीच्या आपल्या पायानं येतील."

भिवरेनं ओंजळ केली. राणी ओंजळीत आली, तिथून मडक्यात गेली, आत्यानं झाकण लावलं, आणि खरंच, मागोमाग सगळ्या माश्या झाकणाच्या भोकातून रांगेनं आत चालत गेल्या. भिवरेच्या डोळ्यांत पाणी आलं. डंखानं की आनंदानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

निघताना आत्यानं चार गोष्टी सांगितल्या. "मडकं सावलीत ठेव. धुरापासून लांब ठेव. बुडाखाली पाण्याची परात ठेव, म्हंजे मुंगी चढायची न्हाई. पायाला पिवळं लावून माश्या घरी येतायत तवर घोर करू नको. फुलांचं ते पिवळं पीठ त्या पोरांना खाऊ घालत्यात. ते यायचं थांबलं की समज, त्यांचं मन घरातून उडालं. मग त्यांना काय खुपतंय ते शोध. आन दार कधी लावायचं न्हाई. उठून जायचंच असलं तर जाऊ दे. तू काय तिची मालकीन न्हवंस, शेजारीन हाईस."

भिवरेनं नंदीबैलासारखी मान डोलावली. नवशिक्याचं असंच असतं. कान सगळं ऐकतात आणि मन सोयीचं तेवढं ठेवून घेतं.

तिनं परात ठेवली, पाणी भरलं. पण मडकं ठेवलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, मावळतीकडच्या भिंतीच्या कोनाड्यात. का, तर चुलीपाशी बसल्या बसल्या नजर ठेवता यावी म्हणून! पौषाच्या थंडीत तिथलं ऊन उबदार होतं. माश्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी नवी पोळी बांधायला घेतली, आणि दिवसभर पायांना पिवळं लावून त्या ये-जा करू लागल्या.

हैबतीनं तिच्या सुजलेल्या हाताला चुना लावून दिला आणि चेष्टा केली, "काय शेजारीनबाई, पाहुनचार झाला का?" एकदा सकाळी तो मडक्यापाशी उकिडवा बसलेला तिला दिसला. तिला वाटलं, हसायला बसलाय. ती हंडा उचलून पाण्याला गेली.

माघ गेला. आंब्याचा मोहोर झडला. होळी पेटली आणि विझली, आणि ऊन कडक झालं. आता दुपार कलली की मावळतीची भिंत तव्यासारखी तापायची आणि चुलीचा धूर खिडकीतून नेमका मडक्यावर जायचा. भिवरेच्या ते ध्यानात आलं नाही. ती माश्या मोजत बसली होती. भिंतीकडे बघायला तिला सवड नव्हती.

एके दिवशी तिला दिसलं की माश्यांच्या पायांना पिवळं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. माश्या बाहेर जायच्या, रिकाम्या पायांनी यायच्या, मडक्याच्या तोंडाशी येऊन गोल गोल फिरायच्या. बैजाआत्याकडे जाऊन विचारावं, तर मध्ये अख्खा डोंगर. आणि तेवढा वेळ मडक्यावरची नजर काढायची तिची छाती होईना. ती नुसती बघत राहिली. बघून काही सुधारत नाही, हे तिला कोण सांगणार?

पुनव तोंडावर आली. एका संध्याकाळी ती पाण्याहून आली, तर हैबती ओट्यावर बसून दोराला करंजाचं तेल चोळत होता. अंबाडीच्या वाखाचा तो नवा, जाडजूड दोर उन्हात पसरलेला होता. हैबती एकेक पेड तपासत होता, आणि त्याची डावी दोन बोटं बाजूला उभी होती.

भिवरेनं हंडा तसाच खाली ठेवला. यानं आशा सोडली, तिला वाटलं. मडकं भरणार नाही हे याला कळलंय. हा जाणार. माश्याही जाणार. सगळेच जाणार आणि मी इथं चुलीपाशी बसून राहणार.

भीती एकदा डोक्यात शिरली की माणूस पायरी बघत नाही. दिवे लागायच्या वेळी, माश्या सगळ्या आत आल्या तेव्हा, तिनं परड्यातली ओली माती कालवली आणि मडक्याच्या झाकणावरचं भोक लिंपून टाकलं. मग हैबती वैरण टाकायला गोठ्यात गेला तशी तिनं दोर उचलला आणि मागच्या गवताच्या गंजीत खोल खुपसला. हात धुतले आणि घरात आली. आता दोघंही कुठं जात नाहीत, ती मनाशी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी हैबतीनं विचारलं, "दोर पाहिलास?"

"न्हाई बा," भिवरा म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

त्यानं ओटा पाहिला, गोठा पाहिला, माळा पाहिला. त्याचा चेहरा उतरत गेला. तिच्याकडे एकदा रोखून बघितलं, काही विचारायला तोंड उघडलं, आणि न विचारताच बाहेर पडला. भिवरेला वाटलं, गेला असेल शेतात. खिडकीबाहेर मडकं घुमत होतं. एवढा मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. आहेत, आत आहेत, ती मनात म्हणाली, आणि कामाला लागली.

दुपार कलली. ऊन भिंतीवर आलं. आणि मडक्याचा आवाज बसत बसत अगदी बारीक झाला.

भिवरेचा हात कामातून थांबला. ती धावत बाहेर गेली आणि मडक्याला हात लावला. मडकं पोळत होतं. झाकणाच्या कडेनं काहीतरी चिकट गळत होतं. तिनं नखांनी माती खरवडली. माती वाळून दगड झाली होती. एक नख मोडलं, दुसरं मोडलं, आणि एकदाचं भोक मोकळं झालं.

आतून माश्या उडाल्या नाहीत. मेलेल्या माश्यांचा ओला ढीग बाहेर सांडला.

भिवरा वाकून बोटांनी ढीग चाचपू लागली. त्या ढिगातून एक माशी पाय ओढत बाहेर आली आणि तिच्या बोटावर चढली. त्या काळी माश्या बोलायच्या. आता बोलत नाहीत. कोणी म्हणतं ऐकणारे उरले नाहीत. मला विचाराल तर त्यांना कामातून सवड नसावी.

"दार का लावलंस?" माशीनं विचारलं.

"तुमी उठून जानार होता म्हनून."

"आम्ही जायचं ठरवलं नव्हतं," माशी म्हणाली. "नुसती आमच्यात बोलणी चालली होती. भिंत तापते, धूर घुसतो, पोरं कोमेजतात. कोणी म्हणत होतं जाऊ, कोणी म्हणत होतं राहू, ही बाई चांगली आहे. तू सावलीत नेलं असतंस तर बोलणी तिथंच मिटली असती. तू दार लावलंस आणि मग एकीलाही राहावंसं वाटेना."

"राणी?" भिवरेनं कसंबसं विचारलं.

"आहे. तिच्याभोवती आम्ही पंखांनी वारा घातला. वारा घालणाऱ्याच जास्त मेल्या."

भिवरा रडू लागली. पण रडायला वेळ नव्हता. तिनं पदरात धरून ते तापलेलं मडकं उचललं आणि परड्यातल्या आंब्याच्या गर्द सावलीत नेऊन ठेवलं. भोक उघडं ठेवलं, पाण्याची परात खाली सरकवली. तेवढ्यात कुडाजवळून हाक आली.

"अक्का! अगं अक्का!"

रायाजी होता, कड्यावर न्यायची घोंगडी खांद्यावर तशीच. धावून धावून त्याला धाप लागली होती. "दाजीनं दुपारपतूर दोर हुडकला आन आता हिरीवरच्या मोटेचा जुना नाडा घेऊन कड्यावर गेला. मी म्हनलं, असल्या कुजक्या नाड्याला मी हात लावायचा न्हाई. तर म्हनला, न्हाई तर न्हाई, झाडाला बांधतो. आडवा झालो तर मला ढकलून गेला. नवा दोर कुठं गेला गं तुमचा?"

भिवरा गंजीकडे धावली, दोन्ही हातांनी गवत उपसलं, दोर खेचून काढला आणि खांद्यावर टाकला. रायाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग तोही धावला.

कड्याची वाट चढाची आणि उन्हाची. पायात काटे मोडत होते. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. मी दोर लपवला नसता तर निदान दोर तरी चांगला असता.

माथ्यावर पोचले तेव्हा अंजनाच्या झाडाला मोटेचा नाडा बांधलेला होता आणि तो कड्याच्या धारेवरून खाली गेला होता. नाडा ताणलेला होता. जिथं तो दगडावर घासत होता तिथं त्याचा एक पेड तुटून वर उभा राहिला होता. रायाजीच्या तोंडून हाक निघणार, तोच भिवरेनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. कड्यावर हाक मारायची नव्हती.

ती पोटावर पडून धारेपर्यंत सरकली. खाली हैबती लटकला होता. एका पायाला टेकायला वीतभर कपार होती. शेजारी, हाताच्या अंतरावर, आग्याचं काळंभोर पोळं होतं, आणि त्यावर हजारो माश्या एकाच वेळी हलत होत्या. हैबतीनं उजव्या हातानं नाडा धरला होता आणि डावा पोळ्याकडे नेला होता. डाव्या हातातला विळा घसरला, खाली गेला, आणि बऱ्याच वेळानं त्याचा बारीक आवाज आला.

रायाजीनं नव्या दोराचं एक टोक झाडाला दोन वेढे घालून हातात घेतलं. दुसरं टोक भिवरेनं हळूहळू खाली सोडलं. दोर हैबतीच्या खांद्याला लागला. त्यानं वर पाहिलं. दोर ओळखला, मग त्याच्या मागचा चेहरा ओळखला. दोर कोणी लपवला होता हे त्याला त्या क्षणी कळलं असणार. पण ती वेळ भांडायची नव्हती.

एका हातानं आणि दातांनी त्यानं दोर कमरेभोवती घेतला. गाठ बसेना. गाठ बसली, हैबतीनं मान हलवली, आणि त्याच वेळी नाड्याचा दुसरा पेड तुटला, पाठोपाठ तिसरा. तुटलेला नाडा सळसळत खाली गेला आणि जाता जाता पोळ्यावर आपटला.

सगळा कडा घोंगावला.

रायाजीनं पाय झाडाला रोवले. भिवरेनं दोर धरला आणि मागे रेलली. ती किती वेळ ओढत होती, हात कुठं सोलले, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. हैबतीचं डोकं धारेवर दिसलं, मग खांदे. रायाजीनं खांद्यावरची घोंगडी फेकली, तिघंही तिच्याखाली पालथे पडले आणि निपचित राहिले. वरून माश्यांचा लोट गेला, फिरला, परत आला. भिवरेचे पाय घोंगडीबाहेर राहिले होते. डंखामागून डंख बसले. तिनं दोराचा पेड दातांखाली धरला पण आवाज काढला नाही.

आवाज ओसरू लागला तेव्हा हैबती घोंगडीखालीच कुजबुजला, "कुठं हुता?"

"गंजीत. म्या लपवला."

"का?"

"तुमी जाऊ नये म्हनून."

हैबती म्हणाला, "मी पुनवेपतूर थांबनार हुतो. सबूद दिला हुता न्हवं? रोज सकाळी तुझ्या मडक्यापाशी जाऊन बसायचो, हात जोडायचो. म्हनायचो, भरा बायांनो, माझी सुटका करा. दोराला तेल लावलं ते दोर कोरडा पडू नये म्हनून. आन सकाळी दोर गायब. म्हनलं, उद्या गाव म्हनंल, हैबतीचा हात गेला, आता बायकोकडून दोर लपवून घरात बसलाय. डोस्कं फिरलं. जो दोर गावला तो घेऊन निघालो."

रायाजी दोघांच्या मध्ये पालथा पडून कपाळाला हात लावत होता. असलं नवराबायकोचं बोलणं ऐकायची वेळ कोणत्याही भावावर येऊ नये.

पुनवेच्या सकाळी भिवरा सुरी घेऊन आंब्याखाली गेली. तिचे पाय अजून सुजलेले होते. मडक्यात थोड्याच माश्या उरल्या होत्या. बरीचशी पोळी उन्हानं बसली होती. कडेला एका पोळीत, वाटीचा तळ झाकेल एवढा मध होता. तिनं सुरी टेकवली. एवढ्यानंही नवऱ्याची लाज राहिली असती. देवी काय माप घेऊन बसते?

मागून हैबतीचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे."

"तुमचा मान जाईल."

"थोड्या उरल्यात. त्यांना खायला नको? तेवढंबी काढलंस तर कशासाठी ऱ्हातील त्या?"

तो रिकामी वाटी घेऊन देवीच्या टेकडीवर गेला. सगळा गाव जमला होता. त्यानं वाटी देवीसमोर ठेवली, मग गावाकडे वळून डावा हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवली. दोन बोटं तशीच उभी राहिली.

"हा हात धरत न्हाई," तो म्हणाला. "साल झालं. तुमच्यापासनं लपवलं. आता मी कड्यावर उतरायचा न्हाई."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. गावाच्या पंचांनी मान सुभानाच्या घराला दिला. तरणाबांड गडी होता, नुकतंच लग्न झालेलं. हैबतीनं स्वतःच्या हातानं वाटी उचलून त्याला दिली. मान गेला याचं त्याला वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगून मी त्याला थोर करणार नाही. घरी येऊन तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पण काही दिवसांनी सकाळी भिवरेनं त्याला आंब्याखाली बोलावलं. मडक्याच्या तोंडाशी एक माशी उतरत होती आणि तिच्या दोन्ही पायांना पिवळं होतं. दोघंही तिथंच बसून राहिले. चुलीवरचं दूध उतू गेलं आणि कोणी उठलं नाही.

पावसाळ्यात तिनं माश्यांना गुळाचं पाणी दिलं. सणवार झाले, फुलं आली, मडकं भरलं. एकदा ऐन दुपारी अर्ध्या माश्या जुन्या राणीला घेऊन बाहेर पडल्या आणि आभाळात त्यांचा गोळा झाला. भिवरेच्या पायाशी ओली माती होती, बादलीत पाणी होतं. तिनं हात पाठीमागे बांधले आणि उभी राहिली. गोळा रानाकडे निघून गेला. मडक्यात उरलेल्यांनी नवी राणी उभी केली आणि कामाला लागल्या.

पुढच्या चैत्राच्या आधी, अजून पुष्कळ दिवस हाती असताना, सुभानाची बायको ठकू, गावभर झालेली दोराची गोष्ट ऐकून, भिवरेच्या दारी आली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, "वैनी, तुमी दोर कुठं लपवला हुता?"

भिवरेनं ठकूला जवळ बसवलं. "दोर हाय तिथं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याला तेलबी तूच लाव. आन चल, तुझ्या घराला सावली कुठल्या अंगाला पडती ते मला दाखव."

ती ठकूबरोबर मडकं घेऊन गेली. त्या सालापासून एकेका घरामागे मडकी वाढत गेली, आणि एक साल असं आलं की कड्यावर कोणी उतरलंच नाही. आग्या माश्या आपल्या जागी राहिल्या आणि गावातले गडी आपल्या.

म्हणून लहानथोरांनो, माशी असो की माणूस, दार लावून कोणी राहत नाही. राहावंसं वाटेल असं घर करावं, आणि दार उघडं ठेवावं.